वाचकांचे प्रश्न : सिॲटल मरिनर्स, पहिल्या सीझनपासून २०२५ पर्यंत

मागच्या अंकात २०२५ च्या बेसबॉल प्लेऑफवर (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांवर) अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली ती जवळपास सगळी एकाच टीमबद्दल, सिॲटल मरिनर्स. म्हणून यावेळचा कॉलम पूर्ण त्यांनाच दिलाय. प्रश्न थोडे छोटे केलेत आणि दोन-तीन जणांनी तेच विचारलं होतं ते एकत्र घेतलंय.

प्रश्न : ताई, मी पुण्याहून नुकताच सिॲटलजवळ रेडमंडला आलोय. ऑक्टोबरमध्ये मरिनर्स हरल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसातली निम्मी माणसं कोणाशी धड बोलत नव्हती. ही टीम एकदाही वर्ल्ड सिरीजला गेली नाही असं ऐकलं, खरं का? आणि मुळात ही सुरू कधी झाली?

उत्तर : खरं आहे. मेजर लीगमध्ये ३० टीम आहेत, त्यातल्या २९ कधी ना कधी वर्ल्ड सिरीज म्हणजे फायनल खेळल्यात, एकटे मरिनर्स राहिलेत. १९७७ ते २०२५ असे ४९ सीझन झाले आणि त्यात प्लेऑफ फक्त सहा वेळा, १९९५, १९९७, २०००, २००१, २०२२ आणि २०२५. एवढी सहा वर्षं लक्षात ठेवलीस तरी ऑफिसातलं अर्धं बोलणं कळायला लागेल.

पण गोष्ट १९७७ च्या आधीची आहे. १९६९ मध्ये सिॲटलला पायलट्स नावाची टीम मिळाली होती, ती बिचारी एकच सीझन टिकली. ६४ मॅच जिंकल्या, ९८ हरले. मैदान जुनं, मायनर लीगचं (खालच्या पातळीच्या लीगचं), पहिल्या मॅचच्या दिवशीसुद्धा बसायच्या जागांचं काम चालूच होतं आणि गर्दी झाली की नळाला पाणी यायचं नाही. मालकांचं दिवाळं निघालं आणि १९७० चा सीझन सुरू व्हायला जेमतेम काही दिवस असताना टीम उचलून मिलवॉकीला नेली, आजचे मिलवॉकी ब्रूअर्स म्हणजे तेच पायलट्स.

सिॲटलने हे मुकाट्याने घेतलं नाही, हे मला फार आवडतं. राज्याचे ॲटर्नी जनरल होते स्लेड गॉर्टन (हे नाव लक्षात ठेव, पुढे परत येणारे), राज्य, किंग काउंटी आणि शहर असे तिघे मिळून अमेरिकन लीगवर (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) कोर्टात गेले. १९७६ मध्ये केस उभी राहिली, लीगची बाजू पडायला लागली तशी त्यांनी तडजोड केली, तुम्ही केस मागे घ्या आम्ही नवीन टीम देतो. म्हणजे मरिनर्स ही टीम शहराने कोर्टात भांडून मिळवलेली आहे. त्याच वर्षी लीगने टोरोंटोलाही टीम दिली, ब्लू जेज. दोघंही १९७७ मध्येच उतरले आणि यांचा हिशोब पुढे २०२५ पर्यंत येतो.

प्रश्न : १९७७ ते १९९० चे आकडे काढून बघितले. चौदा सीझन आणि एकाही वर्षी जिंकलेल्या मॅच हरलेल्यांपेक्षा जास्त नाहीत! असं कसं होऊ शकतं? – नाशिक

उत्तर : नवीन टीमला पहिली पाच-सहा वर्षं जड जातात, कारण बाकीच्या टीमनी नको म्हणून सोडलेले खेळाडू घेऊन सुरुवात करावी लागते. पण चौदा वर्षं हे नुसतं नवेपण नाही, पैसा लावायची तयारी नव्हती.

पहिली मॅच ६ एप्रिल १९७७, किंगडोम नावाच्या काँक्रीटच्या बंद स्टेडियममध्ये, ५७ हजारांवर लोक आले आणि कॅलिफोर्निया एंजल्सने ७-० ने धुतलं. सीझन संपला तेव्हा रेकॉर्ड ६४-९८, अगदी पायलट्सचाच आकडा. १९७८ मध्ये १०४ हरले, १९८० मध्ये १०३, १९८३ मध्ये १०२. मधे एखादी चांगली आठवण सापडते, १९८२ ला गेलॉर्ड पेरी या म्हाताऱ्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) आपली ३०० वी मॅच मरिनर्सकडून जिंकली, १९८४ ला अल्विन डेव्हिस रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू) झाला आणि तो इतका लाडका झाला की लोक त्याला मिस्टर मरिनरच म्हणायचे. पण टीम जागची हलेना. १९८६ मध्ये बॉस्टनच्या रॉजर क्लेमेन्सने यांच्याविरुद्ध एका मॅचमध्ये २० जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून आउट) केलं, तोवर नऊ इनिंगच्या मॅचमध्ये कोणी तेवढे केले नव्हते.

१९८१ पासून मालक होते जॉर्ज आर्गिरोस, कॅलिफोर्नियाचे जमीन-बांधकामवाले. त्यांच्या काळात खेळाडू तयार झाला, पगार वाढायची वेळ आली की विकला, हेच चालायचं. १९८७ मध्ये तर त्यांनी मरिनर्स हातात असतानाच सॅन डिएगोची टीम विकत घ्यायचा प्रयत्न केला, म्हणजे मालकाचंच मन इथे नव्हतं मग खेळाडूंचं काय सांगायचं.

आणि त्याच १९८७ मध्ये या टीमचं नशीब फिरलं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या वेळी, पहिला नंबर यांचा होता. मालकाला एक कॉलेजचा पिचर हवा होता, स्काउट लोक मात्र सिनसिनाटीच्या एका शाळकरी पोरावर अडून बसले आणि त्यांनी मालकाचं मन वळवलं. तो पोरगा केन ग्रिफी ज्युनियर! १९८९ मध्ये १९ वर्षांचा असताना तो उतरला, त्याच वर्षी मॉन्ट्रियलकडून सहा फूट दहा इंचाचा रँडी जॉन्सन आला, आणि एडगर मार्टिनेझ तर १९८७ पासून आत-बाहेर करतच होता. १९९० मध्ये ग्रिफीचे वडील केन सीनियर पण याच टीममध्ये आले, ३१ ऑगस्टला बाप-लेक एकाच मॅचमध्ये एकाच बाजूने खेळले आणि १४ सप्टेंबरला दोघांनी लागोपाठ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारले, आधी बाप मग लेक. मेजर लीगमध्ये हे दुसऱ्या कुठल्या बाप-लेकाला जमलेलं नाही.

१९९१ मध्ये शेवटी ८३-७९, पहिल्यांदा जमेची बाजू. पंधराव्या सीझनमध्ये.

प्रश्न : या टीमचे मालक व्हिडिओ गेमवाले निन्टेन्डो होते हे खरं का? – ठाणे

उत्तर : होय. १९९२ मध्ये तेव्हाचे मालक जेफ स्मुल्यान टीम विकायला निघाले होते आणि ती फ्लोरिडाला जाईल अशी भीती होती. तेव्हा स्लेड गॉर्टन परत आले, आता सिनेटर म्हणून. निन्टेन्डोचं अमेरिकेतलं ऑफिस रेडमंडला, त्यांनी तिथे जाऊन विचारलं की सिॲटलमध्ये राहून पैसे लावेल असं कोणी आहे का. अमेरिकेतल्या निन्टेन्डोचे प्रमुख मिनोरू अराकावा यांनी सासऱ्यांना विचारलं, सासरे म्हणजे क्योटोचे हिरोशी यामाउची, आणि ते म्हणाले मी देतो. या शहराने आपल्या कंपनीचं भलं केलं त्याची ही परतफेड अशी त्यांची भावना होती. लीगमध्ये यावरून केवढा गदारोळ झाला, परदेशी मालक नको म्हणून, शेवटी मतदानाचा हक्क अर्ध्याच्या आत ठेवायचा या अटीवर परवानगी मिळाली. मालकी बदलली त्या वर्षी टीम परत ६४-९८ होती. तेच आकडे, तिसऱ्यांदा. २०१६ मध्ये निन्टेन्डोने बहुतेक वाटा विकला, थोडा अजून ठेवलाय.

प्रश्न : आम्ही बॉथेलला राहतो. मुलाच्या बेसबॉल कोचपासून शेजारच्या आजोबांपर्यंत सगळे १९९५ बद्दल बोलतात, जिंकले तर नव्हते ना त्या वर्षी? मग एवढं काय?

उत्तर : १९९५ झालं नसतं तर आज सिॲटलमध्ये टीमच नसती, हे मी उगाच म्हणत नाहीये, नीट सांगते.

१९९४ पासून बघा. जुलैमध्ये मॅचच्या आधी किंगडोमच्या छताच्या जड फरश्या खाली खुर्च्यांवर पडल्या, लोक आत यायचे होते म्हणून कोणाचा जीव गेला नाही. स्टेडियम बंद, टीमला उरलेल्या सगळ्या मॅच परगावी खेळाव्या लागल्या, मग ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. लोक बेसबॉलवर वैतागलेले, स्टेडियम पडायला आलेलं आणि मालक म्हणतायत नवीन स्टेडियमची सोय झाली नाही तर टीम विकू.

१९९५ चा सीझन संपामुळे छोटा, १४४ मॅचचा. मे महिन्यात ग्रिफी भिंतीवर आदळून कॅच घेताना मनगट मोडून बसला. २ ऑगस्टला मरिनर्स एंजल्सच्या १३ गेम मागे होते, म्हणजे जवळजवळ संपलंच. आणि मग काय झालं हे अजून कोणी नीट समजावू शकलेलं नाही, एंजल्स दोनदा लागोपाठ नऊ-नऊ मॅच हरले, इकडे ग्रिफी परत आला आणि २४ ऑगस्टला त्याने न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये होम रन मारून मॅच काढली, तिथून रोज कोणीतरी नवीन माणूस मॅच जिंकून द्यायला लागला. सप्टेंबरमध्ये काउंटीत स्टेडियमसाठी मतदान झालं आणि ठराव थोडक्यात पडला. टीम जिंकतीये आणि स्टेडियम हरलंय, अशी परिस्थिती. सीझनच्या शेवटी दोन्ही टीम ७८-६६ वर बरोबरीत, म्हणून २ ऑक्टोबरला एक जादा मॅच. रँडी जॉन्सनने एंजल्सला काही करू दिलं नाही, ९-१. हरलेला पिचर कोण तर मार्क लँगस्टन, ज्याला देऊन जॉन्सनला आणलं होतं तोच.

मग प्लेऑफची पहिली फेरी यँकीजशी, पाचांतल्या तीन जिंकायच्या. न्यूयॉर्कला दोन्ही हरले. घरी येऊन तिसरी जिंकली, चौथीत एडगरने बेस भरलेले असताना होम रन मारला, जिंकले. पाचवी ८ ऑक्टोबरला. जॉन्सन एकच दिवस आधी... नाही, मधे एकच दिवस विश्रांती घेऊन परत पिचिंगला आला, एवढ्या उंचीचा माणूस मैदानाच्या कडेने चालत आला तेव्हा स्टेडियमचा आवाज कसा झाला ते जुन्या व्हिडिओत ऐका. अकराव्या इनिंगमध्ये यँकीज ५-४ पुढे गेले. खालच्या अर्ध्यात जोई कोराने चेंडू हळूच ढकलून फर्स्ट बेस गाठला, ग्रिफीने सिंगल मारला, आणि एडगर आला. त्याने डाव्या लाइनला चेंडू घातला, कोरा आला बरोबरी झाली, आणि ग्रिफी फर्स्टवरून जो सुटला तो थांबलाच नाही, घसरत होम प्लेटवर आणि वर अख्खी टीम. ६-५. इथे नुसतं द डबल (बॅटर सेकंड बेसपर्यंत पोचतो तो फटका) म्हणा, कोणता ते कोणी विचारत नाही.

पुढच्या फेरीत क्लीव्हलँडने सहा मॅचमध्ये हरवलं, हो, वर्ल्ड सिरीज नाहीच मिळाली. पण त्याच ऑक्टोबरमध्ये राज्याच्या विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आणि स्टेडियमच्या पैशाची सोय मंजूर झाली, महिन्याभरापूर्वी ज्याला लोकांनी नाही म्हटलं होतं त्याची. ते मैदान १५ जुलै १९९९ ला उघडलं, आज त्याला टी-मोबाइल पार्क म्हणतात, तुम्ही मुलाला घेऊन जाता तेच. (मतदारांनी नाकारलेलं सरकारने द्यावं का हा प्रश्न योग्यच आहे, तिथेही त्यावर कडाडून भांडण झालं होतं.) बाजूचा रस्ता एडगर मार्टिनेझच्या नावाचा आहे. हा माणूस पूर्ण करियर एकाच टीमसाठी खेळला, २००४ ला निवृत्त झाला आणि हॉल ऑफ फेमसाठी त्याला २०१९ पर्यंत, अगदी शेवटच्या संधीपर्यंत थांबवलं, का तर बहुतेक करियर तो फक्त बॅटिंग करायचा, फिल्डिंग नाही. मला तो अन्यायच वाटतो.

प्रश्न : २००१ मध्ये ११६ मॅच जिंकले आणि तरी टायटल नाही? आणि ग्रिफी, जॉन्सन, रॉड्रिग्ज हे तिघं एकाच टीममध्ये असताना का नाही जमलं? – बेळगाव

उत्तर : दुसऱ्या भागाचं आधी. १९९७ ची टीम बघा, ९० जिंकले, ग्रिफीचे ५६ होम रन आणि एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू), टीमचे मिळून २६४ होम रन, तेव्हाचा विक्रम. पण राखीव पिचर इतके कच्चे की मिळवलेली लीड हातातून जायची, बाल्टिमोरने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. १९९८ ला जॉन्सन ह्यूस्टनला गेला, २००० च्या सुरुवातीला ग्रिफी स्वतःच मागून सिनसिनाटीला गेला, आणि २००० चा सीझन संपल्यावर ॲलेक्स रॉड्रिग्ज टेक्सासला, दहा वर्षांचे २५ कोटी २० लाख डॉलर. तीन वर्षांत तिघं गेले. सगळ्यांना वाटलं संपली टीम.

आणि २००१ मध्ये ११६-४६. अमेरिकन लीगमध्ये एवढ्या मॅच कोणीच जिंकलेल्या नाहीत, शिकागो कब्सनी १९०६ मध्ये ११६ जिंकल्या होत्या त्याची बरोबरी. हे जमलं कारण गेलेल्यांच्या बदल्यात बरोबर माणसं आली होती, जॉन्सनच्या बदल्यात पिचर फ्रेडी गार्सिया आणि शॉर्टस्टॉप कार्लोस गियेन, ग्रिफीच्या बदल्यात माइक कॅमरन, शिवाय ब्रेट बूनने त्या वर्षी १४१ रन आत आणले, मनगटापेक्षा डोक्याने जास्त खेळणारा जेमी मॉयर २० जिंकला. आणि इचिरो सुझुकी. तोवर जपानहून पिचर यायचे, रोज खेळणारा बॅटर इथे टिकेल का यावर लोक शंका घेत होते, त्याने पहिल्याच वर्षी २४२ हिट, ०.३५० ॲव्हरेज, ५६ बेस चोरले, एमव्हीपी आणि रुकी ऑफ द इयर दोन्ही एकदम. फक्त एप्रिलमध्ये टीम २० मॅच जिंकली होती. ऑलस्टार मॅच त्या वर्षी सिॲटललाच होती आणि यांचे आठ खेळाडू त्यात.

एक मॅच मात्र आठवण करून देते की बेसबॉलमध्ये काहीच पक्कं नाही, ५ ऑगस्टला क्लीव्हलँडमध्ये १४-२ ने पुढे होते आणि १५-१४ ने हरले.

मग ११ सप्टेंबर झालं, खेळ थांबला. परत सुरू झाल्यावर १९ सप्टेंबरला यांनी डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकली, त्या दिवशी शॅम्पेन उडवलं नाही, अमेरिकेचा झेंडा घेऊन खेळाडू मैदानाच्या मधोमध गेले, गुडघ्यावर बसले. प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडने पाचव्या मॅचपर्यंत दमवलं, एक मॅच तर १७-२ ने हरले, आणि मग यँकीजने ४-१ ने बाहेर काढलं. १६२ मॅचमध्ये जी टीम सरस ठरते ती सातांत ठरेलच असं नाही, एखादा पिचर गरम झाला की विषय संपतो. म्हणून ११६ ला कमी लेखू नका, सहा महिने जवळपास रोज खेळून ते मिळालंय.

प्रश्न : २००१ नंतर थेट २०२२! या टीमला शाप आहे असं माझा मित्र म्हणतो, तुम्हाला काय वाटतं? – इंदूर

उत्तर : मला अजिबात तसं वाटत नाही आणि शाप म्हटलं की खरे निर्णय घेणारे सुटतात, म्हणून मला तो शब्दच नको वाटतो. एकेक सीझन घेऊन बसलं की प्रत्येक वेळी कारण सापडतं.

२००२ आणि २००३, दोन्ही वर्षी ९३-६९. कुठल्याही हिशोबाने चांगली टीम, पण म्हातारी होत चाललेली, सीझनच्या मध्यावर नवीन माणूस घ्यायची वेळ आली तेव्हा घेतला नाही आणि दोन्हीदा थोडक्यात बाहेर. २००४ ला सगळे एकदम थकले, ९९ हरले. त्याच वर्षी इचिरोने २६२ हिट मारले, जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला, म्हणजे विक्रम बघायला या आणि मॅच हरताना बघा. २००७ ला ८८ जिंकले आणि टीमच्या ऑफिसातल्यांना वाटलं आपण जवळ आलो, म्हणून २००८ ला एरिक बेडार्ड या एका पिचरसाठी पाच खेळाडू देऊन टाकले, त्यात ॲडम जोन्स होता जो पुढे बाल्टिमोरचा स्टार झाला. २००८ मध्ये १०१ हरले. पगारावर दहा कोटी डॉलरच्या वर खर्च करून १०० मॅच हरणारी ती पहिली टीम. २०१० ला परत १०१, पूर्ण सीझनमध्ये फक्त ५१३ रन, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये पहिल्या दिवसापासून रेडिओवर या टीमची कॉमेंट्री करणारे डेव्ह नीहाउस वारले. २०११ मध्ये सलग १७ हरले. २०१२ च्या जुलैमध्ये इचिरोला यँकीजला देऊन टाकलं.

या सगळ्यात माझा जीव तुटतो तो फेलिक्स हर्नांडेझसाठी. व्हेनेझुएलाचा, १९ व्या वर्षी २००५ ला आला, लोक त्याला किंग फेलिक्स म्हणायचे. २०१० मध्ये त्याचा रेकॉर्ड १३-१२ होता आणि तरी त्याला सर्वोत्तम पिचरचं साय यंग बक्षीस मिळालं, कारण सगळ्यांना दिसत होतं की तो रन देतच नाहीये, त्याचीच टीम काढत नाहीये. दुसऱ्या टीममध्ये जाऊ शकला असता, त्याने करार वाढवला, राहिला. २०१९ पर्यंत राहिला आणि प्लेऑफची एकही मॅच न खेळता गेला.

२०१४ ला ८७ जिंकले आणि एका मॅचने हुकलं, रॉबिन्सन कनोला दहा वर्षांचे २४ कोटी डॉलर देऊन आणलं होतं. २०१६ ला ८६, २०१८ ला ८९, सगळं अर्धवट जवळ. त्यानंतर टीमचा जनरल मॅनेजर जेरी डिपोटोने टीम मोडून नव्याने बांधायला घेतली, आणि मला विचाराल तर दहा वर्षं आधी हे करायला हवं होतं.

प्रश्न : परफेक्ट गेम म्हणजे काय? मरिनर्सच्या कोणी टाकलाय का? – पणजी

उत्तर : नऊ इनिंग, २७ बॅटर, सत्तावीसच्या सत्तावीस आउट, एकही फर्स्ट बेसपर्यंत पोचला नाही, तो परफेक्ट गेम. फेलिक्सने १५ ऑगस्ट २०१२ ला टँपा बेविरुद्ध टाकला, १-० ने. टीमच्या इतिहासातला एकमेव.

प्रश्न : २०२२ आणि २०२५ बद्दल सविस्तर लिहा ना, आमचा मुलगा केंटला असतो, त्याच्यामुळे आम्ही पहाटे उठून मॅच बघितल्या. – औरंगाबादचे एक आई-बाबा

उत्तर : पहाटे उठून बघितल्यात म्हणजे तुम्ही आता पक्के झालात!

आधी २०२१, ९०-७२, शेवटच्या दिवशी हुकलं. मग ३० सप्टेंबर २०२२, ओकलंडविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये बरोबरी, दोन आउट, बदली बॅटर म्हणून कॅल रॅली नावाचा कॅचर आला आणि त्याने उजवीकडे होम रन मारला. एकवीस वर्षांचा वनवास त्या एका फटक्यात संपला. टोरोंटोला जाऊन दुसऱ्या मॅचमध्ये ८-१ ने मागे असताना १०-९ ने जिंकले. पुढे ह्यूस्टनने तिन्ही मॅचमध्ये हरवलं, पण कसं, पहिली मॅच शेवटच्या बॅटरने होम रन मारून घेतली आणि तिसरी तब्बल १८ इनिंग चालली, १-०. एकवीस वर्षांनी घरच्या मैदानावर प्लेऑफ आणि लोकांना दोन मॅचच्या लांबीची एकच मॅच मिळाली ज्यात आपला एकही रन नाही.

२०२३ ला एका मॅचने हुकलं, २०२४ ला परत एका मॅचने, तेही जूनमध्ये दहा गेमची आघाडी असताना. ऑगस्टमध्ये मॅनेजर बदलला, डॅन विल्सन आला, जो १९९५ मध्ये या टीमचा कॅचर होता. बॅटिंगचं बघायला एडगरला बोलावलं.

आणि २०२५. रॅलीने ६० होम रन मारले! कॅचरचं काम म्हणजे रोज तीन तास उकिडवं बसून चेंडू झेलायचे, गुडघ्यांची वाट लागते, त्यामुळे कॅचरकडून एवढ्या फटक्यांची कोणी अपेक्षाच करत नाही. आधीचा कॅचरचा विक्रम ४८ होता. डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी खेळणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचा ५४ चा, १९६१ पासूनचा, तोही गेला, आणि टीममधला ग्रिफीचा ५६ चा पण. ९०-७२, २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन.

डेट्रॉइटविरुद्धची पाचवी मॅच १० ऑक्टोबरची, तुम्ही बघितली असेलच, १५ इनिंग, डेट्रॉइटचा टारिक स्कुबल सहा इनिंगमध्ये १३ जणांना स्ट्राइकआउट करून गेला तरी यांनी धरून ठेवलं आणि होर्हे पोलान्कोने शेवटी सिंगल मारून ३-२ ने काढली. मग टोरोंटो, १९७७ चे जुळे भाऊ. टोरोंटोत पहिल्या दोन जिंकल्या, घरी दोन हरल्या, पाचवीत युहेनियो सुआरेझने बेस भरलेले असताना होम रन मारला आणि ३-२ अशी आघाडी. एक मॅच जिंकली की वर्ल्ड सिरीज. सहावी हरले. सातवीत हुलिओ रॉड्रिग्ज आणि रॅली दोघांचेही होम रन, सातव्या इनिंगपर्यंत ३-१ ने पुढे, आणखी आठ आउट काढायचे होते, आणि जॉर्ज स्प्रिंगरने दोन जण बेसवर असताना होम रन मारला. ४-३. इतक्या जवळ ही टीम याआधी कधीच आली नव्हती.

हे दुखलं, खूप दुखलं, मी खोटं बोलणार नाही. पण २००८ किंवा २०१० च्या हरण्यात आणि या हरण्यात फरक आहे. तेव्हा टीम नीट बांधलेलीच नव्हती. आता लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, ब्रायन वू हे पिचर मरिनर्सनी स्वतः ड्राफ्ट करून वाढवलेले आहेत, रॅली तसाच, हुलिओला तर १६-१७ वर्षांचा असल्यापासून डॉमिनिकन रिपब्लिकमधून आणून घडवलंय. चांगली माणसं घडवायची आणि ती टिकवायची, हे पहिल्या चौदा वर्षांत कधी झालंच नाही ते आता होतंय, म्हणून मला पुढचा सीझन बघायची घाई झालीये.

प्रश्न : ताई, माझा नातू सिॲटलला असतो, नऊ वर्षांचा आहे, मरिनर्सचा वेडा. मे महिन्यात मी जाणार आहे, त्याला जर्सी घ्यायची आहे पण कुठल्या नंबरची घेऊ? मुलाला विचारलं तर सरप्राइज राहणार नाही. – कोल्हापूरची आजी

उत्तर : आजी, नऊ वर्षांच्या मुलाला आत्ता जो खेळतोय तो हवा असतो, म्हणून २९ नंबर, कॅल रॅली, किंवा ४४, हुलिओ रॉड्रिग्ज. २९ त्याच्याकडे आधीच असायची शक्यता जास्त आहे, म्हणून मी ४४ घेईन. मुलासाठीही काही घ्यायचं असेल तर २४ म्हणजे ग्रिफी किंवा ११ म्हणजे एडगर, हे दोन्ही नंबर टीमने कायमचे राखून ठेवलेत, दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत. ५१ इचिरोचा, तोही २०२५ मध्ये राखून ठेवला, त्याच वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, ३९४ पैकी ३९३ मतं मिळवून. त्याच्याआधी ५१ रँडी जॉन्सनचा होता. आणि साइज नेहमीपेक्षा एक मोठी घ्या, ही मुलं थंडीत जर्सी स्वेटरवरून घालतात, मेमध्ये तिथे संध्याकाळी चांगलाच गारठा असतो, मॅचला जाल तेव्हा तुम्हीही शाल बरोबर ठेवा.